टोपीखालचा मामा

कोल्हापुरात टोपी घालणारी माणसं हजारोंनी सापडतील. पण टोपी घालून अंघोळीला जाणारा आणि टोपी घालूनच बाहेर येणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच होता आणि तो माझा सख्खा मामा होता. आत न्हाणीत त्या टोपीचं काय व्हायचं ते मामाला आणि तांब्यालाच ठाऊक. बाहेर येताना कमरेला पंचा, खांद्यावर ओला टॉवेल आणि डोक्यावर खणखणीत कोरडी टोपी. लहानपणी मला वाटायचं, मामा टोपीसकटच जन्माला आला असणार आणि सुईणीनं आजीला आधी टोपी दाखवून मग पोरगा दाखवला असणार.

टोप्या तरी किती! लग्नकार्याला कडक इस्त्रीची पांढरी, थंडीत कानटोपी, दुकानात कुठल्याशा पंपाच्या कंपनीनं फुकट वाटलेली निळी, चोचीची, आणि झोपताना मामीनं जुन्या परकराच्या कापडाची शिवलेली पातळ सुती. हेल्मेट तर त्यानं स्कूटरच्या आधी घेतलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. त्या काळात कोल्हापुरात हेल्मेटवाला दिसला की लोक विचारायचे, "पुण्यास्नं आलायसा काय पावणं?" मामा उचगावहून शाहूपुरीपर्यंत सायकल मारत यायचा तो हेल्मेट घालून. एकदा तसाच एका पतसंस्थेत शिरला. दारातल्या शिपायाकडं बंदूक नव्हती, त्यानं काठी आडवी धरली. "आदी डोस्कं दावा, मग आत जावा." मामा म्हणाला, "खातं बंद करतो, पर डोस्कं दावणार न्हाय." आणि दुसऱ्या दिवशी मामीला पाठवून खरंच खातं बंद केलं. रंकाळ्यावर तो कधी फिरायला गेला नाही, कारण तिथं संध्याकाळी वारं सुटतं. तिथली भेळ त्याला जिवापाड आवडायची. ती पुडीत बांधून घरी आणायची आणि दारं-खिडक्या लावून खायची.

टोपीखाली काय होतं ते आता सांगायला हरकत नाही. साऱ्या गावाला माहीत झालेलं आहे. तेविसाव्या वर्षी मामाचे केस जायला लागले आणि पंचविसाव्या वर्षी जाऊन संपले. कानापासून कानापर्यंत मागं एक पट्टा उरला, वर सगळं लख्ख. मग जास्वंद झाली, कांद्याचा रस झाला. कुणीतरी निपाणीकडून एक काळं तेल आणून दिलं. ते लावून मामा गोठ्याजवळून गेला की शेजारच्यांची म्हैस पान्हा चोरायची. शेवटी शेजारीच हात जोडून आले आणि तेल बंद झालं. त्यानंतर वर्षभरात मामाचं लग्न ठरलं. मुलगी बघायला तो टोपी घालून गेला आणि बोहल्यावर फेट्यात उभा राहिला. त्यात गैर काही नव्हतं, लग्नात सगळेच फेटा बांधतात. पण मामाला ती गोष्ट कायम टोचत राहिली. एकदा दुकानात आम्ही दोघंच असताना तो मला म्हणाला होता, "मोटार न दावता इकली रं मी तुज्या मामीला." मामी सीमेकडची, माहेरी कानडी बोलणारी, कामाला वाघीण आणि बोलायला मोजकी. नवऱ्याच्या टोपीबद्दल तिनं कधी अवाक्षर काढलं नाही. फाटली की शिवून द्यायची, मळली की धुवून द्यायची.

मामाचं शाहूपुरीत मोटार वायंडिंगचं दुकान. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळायच्या. मामा त्यातली जळकी तार उपसून नवी गुंडाळायचा आणि वार्निशात बुडवून वाळवायचा. सहा महिन्यांची गॅरंटी तो कागदावर लिहून द्यायचा. त्याच्या हातची मोटार परत आली असं मी ऐकलं नाही. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करायचे, ते लवकर गेले. त्यानंतर आमच्या घराचा कर्ता पुरुष म्हणजे टोपीवाला मामा. मी बी. एस्सी. झालो. आमच्या घराण्यात पदवीचा कागद आणणारा मी पहिला. हे मी कुठंही सांगतो, इथंही सांगतो. पदवीदानाचा माझा फोटो मामानं दुकानात लावला, आणि गिऱ्हाइकानं विचारो न विचारो, सांगायला सुरुवात केली, "आमचा भाचा. ग्रॅज्युएट हाय." तेव्हापासून इंग्रजीत छापलेला कुठलाही कागद मला विचारल्याशिवाय त्यानं खरा मानला नाही. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा मी वाचून दाखवल्याशिवाय तो औषध घ्यायचा नाही. तोवर ताप आपोआप उतरायचा.

दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. राजारामपुरीत एका कातडीच्या डॉक्टरनं केस लावून देण्याची पाटी लावली, आणि त्याच सुमाराला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुहूर्त दिवाळीनंतरचा. एके दिवशी मामा मला दुकानाच्या मागं घेऊन गेला, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाला, "पोरीच्या मागं मामा म्हणून मी उबा ऱ्हाणार. तिचा बा न्हाय, म्हंजे बाच्या जागी बी मीच. त्या फोटोत मला डोस्क्यावर केस पायजेत. फेटा बांधायच्या आदी एक फोटो उघड्या डोस्क्याचा. बास." मला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून मी गिळलं.

डॉक्टर तरुण होते आणि सभ्य होते. त्यांनी नीट समजावलं. मागच्या पट्ट्यातली कातडीची एक चिंचोळी फीत काढायची, भिंगाखाली त्यातली मुळं सुटी करायची आणि पुढं एकेक रोवायची. मागच्या केसांचा गुण असा, की ते पुढं नेले तरी गळत नाहीत. मामाला हे एकदम पटलं. "म्हंजे चांगली तार हिकडनं काढून तिकडं गुंडाळायची. व्हय की! आता ग्यारंटी किती म्हैन्याची?" डॉक्टर म्हणाले, "शरीराची गॅरंटी नसते हो देता येत." मामा खुर्चीतून पुढं सरकला. "मी बोअरच्या मोटारीची सा म्हैनं लेखी देतो. ती पाण्यात बुडल्याली असती. तुमचं काम तर उघड्यावर हाय!" डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी छताकडं. मग त्यांनी सूचनांचा इंग्रजी कागद दिला. मी तो वाचून मामाला मराठीत सांगितला. सगळा नाही, एक परिच्छेद मी गाळला. त्याबद्दल पुढं सांगतो, कारण त्यावरून मी शिव्या खाल्ल्या आहेत. डॉक्टरांनी मात्र एक गोष्ट तोंडानं तीनदा बजावली. बारा दिवस डोक्याला काही आवळायचं नाही. टोपी नाही, हेल्मेट नाही, फेटा तर नाहीच. सैल रुमाल तेवढा चालेल. मामानं दिवस मोजले. जूनच्या आरंभी केलं तर दिवाळीपर्यंत केस दिसायला लागतील. शिवाय पावसाळा लागला की पंप बंद, दुकानात काम नाही. तारीख ठरली.

राहिली मामीला सांगायची गोष्ट. त्यासाठी आधार म्हणून मामानं मला उचगावला नेलं. मामी चुलीपाशी भाकरी थापत होती. मामानं घसा खाकरला, निम्मं सांगितलं, निम्मं माझ्याकडं ढकललं आणि शेवटी एका दमात बोलून टाकलं, "तुला मी फसवून आणलंय. टोपी घालून बगाय आलतो. बावीस वर्सं झाली, गिळवत न्हाय." मामीनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, "मला ठावं होतं की."

"कवा?"

"बगाय आलतासा त्याच दिवशी. चहा पिऊन परड्यात तोंड धुवाय गेलासा न्हवं? टोपी खुंटीला अडकीवली आन तांब्याभर पाणी डोस्क्यावर वतून घेतलासा. आमी समद्या पोरी खिडकीत होतो. अव्वा म्हटली, ह्यो न्हाय चालायचा. मी म्हटलं, चालतोय."

मामाचा हात डोक्यावरच्या टोपीवर गेला. मग म्हणाला, "आन बावीस वर्सांत सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं न्हाईसा."

एवढं झाल्यावर मला वाटलं, विषय मिटला. रस्त्यात मी म्हटलंसुद्धा, "मामा, मामीला चालतंय म्हटल्यावर आता कशाला डोकं फाडून घेतोस?" मामानं स्कूटर कडेला घेतली, हेल्मेटची काच वर केली आणि माझ्याकडं असं बघितलं, की पदवी परत करावीशी वाटली. "गिऱ्हाईक जळकी मोटार चालवून घेतंय म्हणून मी तिला जळकीच ठेवू व्हय रं?"

ऑपरेशन सकाळी आठला सुरू झालं ते संध्याकाळी पाचपर्यंत चाललं. भूल फक्त डोक्यापुरती, तोंड मोकळं. त्यामुळे मामानं आत काय केलं असेल ते मी बाहेर बाकावर बसून ओळखू शकत होतो. मुळं सुटी करणाऱ्या दोन पोरींना त्यानं सुई तिरकी कशी धरायची ते शिकवलं. किती मुळं लावली ते दर तासाला विचारलं, आणि अठराशेला डॉक्टर थांबले तेव्हा "खाली-वर झालं असंल, एकडाव परत मोजा" म्हणाला. बाहेर आला तो डोक्यावर पट्टी आणि त्यावर मामीचा सैल रुमाल. मला म्हणाला, "हात हलका हाय डॉक्टरचा. वायंडिंग शिकला असता तर नाव काडलं असतं."

आता चूक कुठं झाली ते सांगतो. केस लावून घेतले हे कुणाला कळू नये म्हणून मामानं गल्लीत काय सांगितलं? डोक्याला एक बारीक गाठ होती, ती काढली. त्याला वाटलं, गाठ म्हणजे किरकोळ गोष्ट. आमच्याकडं 'डोकं' आणि 'गाठ' हे शब्द एकत्र तोंडातून निघाले की पुढचं गाव ठरवतं. सकाळी 'डोक्याला' असलेली गाठ दुपारी 'डोक्यात' गेली आणि दिवस मावळायच्या आत मेंदूत पोचली. दुसऱ्या दिवशी उचगावात मामाच्या दारात चपलांचा ढीग. कुणी नारळपाणी आणलं, कुणी अंगारा. एका म्हाताऱ्यानं मोटार झाकायला नेलेली, तीन वर्षं परत न दिलेली मामाची ताडपत्री गुपचूप आणून ओसरीवर ठेवली. माझी आई रडून रडून बेजार. मामानं मला शपथ घातली होती, म्हणून मी तिला सांगू शकत नव्हतो, नुसतं "काय होत नाही गं त्याला" म्हणायचो आणि ती आणखी रडायची, "तू शिकलाईस, तुला समदं ठावं असंल, माज्यापासनं लपीवतोस."

तिसऱ्या दिवशी सूज उतरते. कागदात तसं लिहिलेलं होतं आणि तेवढं मी सांगितलंही होतं. म्हणजे कपाळावरची सूज खाली डोळ्यांवर येते. मामाचे दोन्ही डोळे मिटले, तोंड कलिंगडाएवढं झालं. तो भिंतीला तीन उशा लावून बसलेला, आणि मामी दर अर्ध्या तासानं मिठाच्या पाण्याचा फवारा रुमालाखालून डोक्यावर मारतेय, अशा वेळी बहिणीचे होणारे सासरे दारात उभे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. गडहिंग्लजकडचे शेतकरी, सहा फूट माणूस, भरघोस मिशा आणि मन लोण्याचं. त्यांनी आत पाऊल टाकलं, मामाकडं बघितलं आणि खाली बसले.

"कसं वाटतंय मामा?"

मामानं तोंड आवाजाच्या दिशेनं फिरवलं. "बरं हाय की," तो म्हणाला. त्या सुजलेल्या तोंडातून ते इतकं केविलवाणं आलं, की अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले. थोड्या वेळानं बाहेर येऊन ते आईसमोर उभे राहिले. "दिवाळीपातूर थांबायचं न्हाय. पोरीला बा न्हाय, निदान मामा तरी डोळ्यांम्होरं असू दे. ज्येष्ठातला शेवटचा मुहूर्त सा दिसांवर हाय. आमची तयारी हाय. तुमी नुसती पोरगी आणा." आईनं पदर तोंडाला लावून मान हलवली.

आत मामानं सगळं ऐकलं होतं. मी जवळ गेलो तर त्यानं चाचपडत माझा हात धरला. "आज कितवा दीस?" "तिसरा." "म्हंजे लगीन नवव्याला." दोघांनाही एकच गोष्ट सुचली होती. लग्नात आहेराच्या वेळी वरपक्ष मुलीच्या मामाला फेटा बांधतो. तो आपण नको म्हणायचा म्हणजे भर मांडवात सोयऱ्याच्या थोबाडीत मारल्यासारखं. आणि बांधून घ्यायचा, तर बारा दिवसांची मुदत तीन दिवस आधीच मोडणार. अजून नीट न रुजलेली अठराशे मुळं पाच मीटर कापडाखाली चिरडणार. मी म्हटलं, "मामा, खरं सांगून टाकू." तो उसळला. "काय सांगतोस? भाचीच्या लग्नाचा मुहूर्त मामाच्या नटण्यापायी मागं-पुढं झाला म्हणून? पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल सासरी." यावर बी. एस्सी. मध्ये उत्तर शिकवलेलं नव्हतं.

लग्न उचगावच्या एका कार्यालयात लागलं. मामा सैल रुमाल टाकून पोरीच्या मागं उभा राहिला. सूज ओसरली होती, पण लोक त्याच्याकडं अशा नजरेनं बघत होते, की अक्षता नवरा-नवरीपेक्षा त्याच्याच अंगावर जास्त पडल्या. आणि मग आहेर सुरू झाला. माइकवरून पुकारा झाला, "मुलीचे मामा!" अण्णा स्वतः उठले. हातात जरीकाठी भगवा फेटा. बांधणाऱ्याला त्यांनी बाजूला केलं. "ह्यो मान मी माज्या हातानं बांधणार."

मामा पुढं झाला. मी दोन हातांवर उभा होतो. त्यानं एकदा माझ्या बहिणीकडं बघितलं, रुमालाखाली हात घालून हळूच एकदा चाचपलं, जसं कुणी प्रवासाला निघताना दाराचं कुलूप चाचपतं, आणि डोळे मिटून डोकं खाली केलं. "बांधा," तो म्हणाला. त्या एका शब्दात किती काय चाललं होतं हे त्या मांडवात फक्त दोघांना कळत होतं. त्यातला मी पुतळ्यासारखा उभा राहिलो. दुसरी मामी होती.

"थांबा अण्णा!" बायकांच्या बाजूनं आवाज आला. बावीस वर्षांत मामी माणसांत इतक्या मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. ती सरळ मधे येऊन उभी राहिली. "फेटा बांधू नगासा. त्यांच्या डोस्क्यात गाठ-बीट काय न्हवती. केस लावून घेतल्यात त्यांनी. अजून मुळं धरली न्हाईत. भाचीच्या लग्नात चांगलं दिसावं म्हणून केलं, आन लाजंनं खोटं बोललं. त्यांचा मान माज्या पदरात घाला." आणि तिनं पदर पसरला.

सनईवाल्यांनीसुद्धा सनई खाली घेतली. मामानं डोळे उघडले. मला वाटलं, तो आता पळतो. पण त्यानं स्वतःच्या हातानं रुमाल ओढून काढला आणि सगळ्या मांडवासमोर उघड्या डोक्यानं उभा राहिला. न्हाणीतसुद्धा कुणाला न दाखवलेलं ते डोकं, वर खपल्यांचे बारीक ठिपके, पेरणी झालेल्या वाफ्यासारखे. "खरं हाय अण्णा," तो म्हणाला. "माजं चुकलं. राग माज्यावर काढा, पोरीवर नगं."

अण्णा मामाच्या डोक्याकडं बघत राहिले. मिशी थरथरत होती, पण कशानं ते कळेना. "आमी तुमच्यासाठनं ज्योतिबाला नवस बोललोय," ते म्हणाले. "माज्या म्हातारीनं चार दीस गोड खाल्लं न्हाय. आन तुमी केस पेरालाय?" कुणी हसेना. मग अण्णांनी मान वाकडी करून आणखी जवळून बघितलं, आणि आवाज एकदम खाली आला. "मामा... दुखतंय काय वं?"

"पयल्या दिशी दुकतंय. मग न्हाय."

"आन उगवणार नक्की?"

"डॉक्टर तर व्हय म्हंतोय. ग्यारंटी देत न्हाय पर."

अण्णांनी मागं वळून हाक मारली, "आरं, बारक्याला बोलवा!" त्यांचा धाकटा भाऊ आला. अण्णांनी त्याच्या डोक्यावरचा फेटा उचलला. खाली घासलेल्या थाळीसारखं लख्ख टक्कल. "ह्याचं हुईल काय?" आणि मग मांडव जो फुटला, तो पंगत बसेपर्यंत आवरला नाही. अण्णांनी फेटा दोन्ही हातांनी मामीच्या पदरात घातला आणि वाकून तिला नमस्कार केला. जेवणावळीत मामाच्या भोवती टोप्या काढून उभ्या राहिलेल्या पावण्यांचं एवढं कोंडाळं झालं, की वाढप्यांना वाट मिळेना.

इथं गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण चौथ्या आठवड्यात मामा माझ्या ऑफिसात आला आणि टेबलावर काडेपेटी आपटली. आत बारीक बारीक केस. "समदं गळालं. उशीवर, पंच्यावर, ताटात. गेलं समदं." मी त्याला तसाच राजारामपुरीत नेला. डॉक्टर हसले. "हे गळणारच होते. केस पडतात, मूळ आत राहतं. तीन-चार महिन्यांनी नवीन येतात. कागदात लिहिलंय की सगळं." मामानं सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं. तो गाळलेला परिच्छेद हाच. मला वाटलं होतं, हे ऐकलं तर मामा माघार घेईल. जिन्यात तो मला जे बोलला ते छापण्यासारखं नाही. फक्त शेवटचं वाक्य सांगतो: "निम्मं शिक्षण घेतलंस व्हय रं?"

तो पावसाळा मामाचा लांब गेला. आता लपवायला काही नव्हतं आणि दाखवायलाही काही नव्हतं. सगळ्या तालुक्याला माहीत झाल्यामुळं रस्त्यात कुणीही स्कूटर थांबवून विचारायचं, "उगवलं काय मामा?" शेतकरी दुकानात येऊन गंभीरपणे सल्ला द्यायचे. एकानं युरिया सांगितला, एकानं पाणी कमी करा म्हणून सांगितलं, मुळं कुजतात. मामा हसून घ्यायचा, पण रोज सकाळी आरसा घेऊन दारात उजेडाला बसायचा. मामी चहा तेवढा आणून द्यायची, आणि जाता जाता त्याच्या डोक्याकडं एक नजर टाकायची. टोपी मात्र त्यानं परत घातली नाही. मी विचारलं तर म्हणाला, "चारशे माणसात काढली. आता कुणासाठनं घालू?"

गणपती झाले, नवरात्र झालं. आणि ऑक्टोबरच्या उन्हात एक दिवस मामीचा फोन आला. ती फोनवर बोलायला घाबरायची, म्हणून ओरडून बोलायची. "या बगाय! लव आलीया! उन्हात दिसतीया!" मी गेलो. खरंच होती. लहान पोराच्या डोक्यावर असते तशी, तपकिरी, मऊ. मामा ओसरीवर डोकं वाकवून बसला होता आणि आळीतली माणसं ओळीनं येऊन बघून जात होती.

फाल्गुनात केस कानावर यायला लागले. दाट नव्हते, खोटं कशाला सांगू; मधून मधून कातडी दिसायची. पण भांग पडण्याइतके होते. एका रविवारी मामा म्हणाला, "चल, केस कापून येऊ." वर्षानुवर्षं तो मागचा पट्टा घरीच आरशात बघून कात्रीनं कापत असे. आम्ही गावातल्या सलूनमध्ये गेलो. पोरसवदा कारागीर होता, नवा, त्याला मामाचा इतिहास माहीत नव्हता. त्यानं पांढरं कापड झटकून मामाच्या गळ्यात बांधलं, केसांवर पाण्याचा फवारा मारला आणि रोज शंभर जणांना विचारतो तसं सहज विचारलं, "कसं ठेवू काका?"

मामानं आरशातून माझ्याकडं बघितलं. हा प्रश्न त्याला शेवटचा विचारला गेला तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा होता. त्या वयातल्या मामाला उत्तर तोंडपाठ असणार. आरशातल्या माणसाला ते आठवत नव्हतं.

कारागीर कात्री धरून थांबला. "बारीक करू का मध्यम?"

मामानं कापडाखालून हात बाहेर काढला, ओल्या केसांवरून एकदा मागं फिरवला आणि तसाच ठेवला.

"आज कापू नगंस बाबा," तो म्हणाला. "नुसता कंगवा फिरीव."